बुरावॉय आणि ‘कामाचा खेळ’: फॉरवर्ड करण्याआधी पुस्तक तरी उघडा

परवा रात्री धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. भाऊ कारखान्यात सुपरवायझर आहे. खाली त्याची स्वतःची ओळ: ‘सोमवारी शिफ्टच्या मीटिंगमध्ये हेच वाचून दाखवतो.’ त्यावर दोन मावश्यांचे अंगठे. माझी झोप उडाली ती त्या ओळीने.

फॉरवर्डचा सारांश असा. मायकेल बुरावॉय या ‘जगप्रसिद्ध समाजशास्त्रज्ञाने’ म्हणे सिद्ध केलं की कामाचा खेळ केला की कामगार आनंदाने जास्त काम करतात आणि शोषण उरतच नाही. तेव्हा गुण द्या, बॅज द्या, फळ्यावर नंबर लावा. आणि चार परिच्छेद खाली हाच माणूस खुर्चीत बसून क्रांती करणारा, सोव्हिएत राजवटीचा भाट, माध्यमांच्या ब्रेनवॉशिंगवर पुस्तक लिहिणारा आणि समाजशास्त्राला मोर्चाला जुंपणारा! वर गुरू, खाली भोंदू. लिहिणाऱ्याने आपलाच मजकूर सलग वाचला नसावा.

आधी खेळाचं बघू, कारण सोमवारी वाचला जाणार आहे तो हाच भाग.

1974 साली शिकागो विद्यापीठात पीएचडी करताना बुरावॉय दक्षिण शिकागोतल्या एका इंजिन कारखान्यात मशीन ऑपरेटर म्हणून लागले आणि दहा महिने राबले. तीस वर्षांपूर्वी डोनाल्ड रॉय या संशोधकाने काम केलं होतं तोच हा कारखाना. कामगार हात राखून काम का करतात, हा जुना प्रश्न. बुरावॉय यांना वेगळंच कोडं पडलं: हे लोक एवढी मेहनत का घेतात? त्यावरचं पुस्तक 1979 साली आलं, ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’, म्हणजे संमती घडवणं.

त्यातला खेळ असा. प्रत्येक कामाला तासाला किती नग, याचा रेट बांधलेला. रेट गाठला नाही तरी मूळ मजुरी पक्की, वर गेलात तर जास्तीचे पैसे. मुरलेल्या ऑपरेटरचं लक्ष्य 125 टक्के. पण 140 टक्क्यांच्या वर कोणी दाखवायचं नाही, कारण दाखवलं की ऑफिसातले येऊन रेटच कडक करणार. जास्तीचे नग गुपचूप बाजूला ठेवायचे आणि वाईट काम वाट्याला आलं की त्या दिवशीच्या हिशेबात घालायचे. ही रीत कामगारांनीच बसवलेली. फोरमन काणाडोळा करत, कारण माल निघत होता.

मजा होती का? होती. इथे फॉरवर्डवाल्याला अर्धा गुण देतो, नाइलाजाने. कंटाळा कमी व्हायचा, पाळी भराभर सरायची, ‘आज जमवलं’ म्हणून चारचौघांत भाव मिळायचा. सुरुवातीला नाक मुरडणारे बुरावॉय स्वतः काही आठवड्यांत त्यात ओढले गेले, आणि हे त्यांनी लपवलेलं नाही.

पण पुस्तक तिथे संपत नाही, तिथे सुरू होतं! खेळात शिरलं की खेळाच्या नियमांवर प्रश्न विचारणं अवघड होतं. हत्यारं देणारा उशीर करतो, माल आणणारा फोर्कलिफ्टवाला दुसऱ्याकडे आधी जातो, म्हणजे भांडण लागतं ते कामगारा-कामगारांत. रेट कोणी ठरवला आणि वरचा नफा कुठे जातो, हे बाजूलाच राहतं. शोषण चालू राहतं आणि दिसेनासं होतं, हा बुरावॉय यांचा निष्कर्ष. फॉरवर्डने त्यातलं ‘दिसेनासं होतं’ उचललं आणि ‘उरत नाही’ असं छापलं. शिवाय तिथे युनियनचा करार होता, तक्रार नोंदवायची पद्धत होती, ज्येष्ठतेनुसार चांगलं मशीन मागता येत होतं, किमान मजुरी बुडत नव्हती. एवढा आधार खाली होता म्हणून लोक खेळत होते. फळ्यावर शेवटच्या नंबराचं नाव लाल खडूने लिहिणं हा खेळ नव्हे.

बाकीचे मुद्दे पटापट.

खुर्चीत बसणारा? केंब्रिजातून गणित शिकून 1968 मध्ये हा माणूस झांबियाच्या तांब्याच्या खाणपट्ट्यात गेला, खाण उद्योगाच्या कार्यालयातच नोकरी धरली आणि 1972 साली दाखवून दिलं की स्वातंत्र्यानंतर काळ्या अधिकाऱ्यांना बढत्या मिळाल्या, तरी एकही गोरा काळ्याच्या हाताखाली येणार नाही अशी सोय शाबूत होती. नंतर हंगेरी, नंतर रशिया, तिथेही कारखान्यात काम.

सोव्हिएतचा भाट? तेव्हा समाजवादी राजवटीखाली असलेल्या हंगेरीत, मिश्कोल्त्स शहरातल्या लेनिन पोलाद कारखान्यात ते भट्टीवर होते. पंतप्रधान येणार म्हणून त्यांच्या तुकडीला रंगरंगोटीला लावलं. यांच्या हाती काळ्या रंगाचाच ब्रश लागला, तर यांनी फावडीच काळी रंगवायला घेतली. तुम्ही समाजवाद बांधत नाही, रंगवताय, तोही काळा, अशी सोबत्याने उडवलेली टर त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. भाट असं लिहीत नाही.

माध्यमांवरचं पुस्तक? ते हर्मन आणि चॉम्स्की या दुसऱ्याच दोन लेखकांचं, 1988 सालचं. नाव तेच, ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’, पुस्तक वेगळं. दोन मिनिटांत कळलं असतं.

मोर्चाला जुंपणारा? हे अगदीच खोटं नाही. ते उघड मार्क्सवादी होते, आणि 2004 साली अमेरिकन समाजशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी विद्यापीठाबाहेरच्या लोकांशी बोलणाऱ्या समाजशास्त्राचा आग्रह धरला, तेव्हा बऱ्याच सहकाऱ्यांना तो रुचला नाही. पण पक्कं व्यावसायिक संशोधन नसेल तर हे समाजशास्त्र उभंच राहणार नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं होतं.

टीका करायचीच तर खरी जागा आहे. माणसाची बाहेरची ओळख, म्हणजे वर्ण, वय, घरदार, यांचा कारखान्याच्या आत कामावर फारसा परिणाम होत नाही, असं शिकागोच्या पुस्तकाचं म्हणणं. त्यांच्याच विद्यार्थिनी चिंग क्वान ली यांनी हाँगकाँग आणि शेन्झेनमधले बायकांचे कारखाने बघितले आणि तिथे बाईपण, नाती, गावकी यांवरच हुकमत चालते हे दाखवलं. फेब्रुवारी 2025 मध्ये ओकलंडला रस्ता ओलांडताना गाडीने उडवून बुरावॉय गेले, तोवर हे वाद चालू होते. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षर नाही.

बाळ्या, सोमवारला अजून दोन दिवस आहेत. 140 टक्क्यांच्या भागाचे फोटो तुला वेगळे पाठवलेत, ग्रुपवर नाही.