पुण्यात कुठं?

पुणे महापालिकेचे दोन तुकडे करा, पूर्वेला हडपसर-वाघोलीकडं वेगळी महापालिका काढा, ही मागणी काही नवी नाही. अधूनमधून ती वर येते, पेपरात चार दिवस गाजते आणि परत खाली बसते. माझा मागणीवर राग नाही. ५०० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला कारभार एका इमारतीतून हाकता येतो का, हा प्रश्न रास्तच आहे. डोकं फिरलं ते माझ्या मावसभावानं दिलेल्या कारणामुळं. "तोडाच," दादा फोनवर म्हणाला. "तसंही ते पुणे नाहीच. पुणे म्हणजे लकडी पुलाच्या अलीकडचं. फार तर डेक्कन, प्रभात रोड. कोथरूड चालवून घेऊ."

हे तो बावधनच्या नवव्या मजल्यावरून बोलत होता. सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरला गेल्यावर वाट्याला आलेल्या पैशांतून त्यानं तिकडं फ्लॅट घेतला. बावधन म्हणे 'कोथरूडच की'.

मी राहतो ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, उत्तरेकडच्या गंगालिनच्या बाजूला, हॅरिसन नावाच्या उपनगरात. म्हणजे ज्या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी अस्तित्वच नव्हतं, त्या शहराच्या अगदी अलीकडच्या कडेला. सिडनी हटेना आणि मेलबर्नही हटेना, म्हणून राजधानी तिसरीकडंच वसवायची ठरली. घटनेतच लिहून ठेवलं होतं की ती न्यू साउथ वेल्समध्ये असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब. १९०८ साली मेंढ्या चरत होत्या तो मुलूख निवडला. १९१२ साली शिकागोच्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनचा आराखडा स्पर्धेत पहिला आला. त्यातली देखणी चित्रं त्याच्या बायकोनं, मॅरियननं काढलेली, हे इथं आता आवर्जून सांगतात. पार्लमेंट मेलबर्नहून इकडं यायला १९२७ साल लागलं आणि ग्रिफिनच्या नकाशातला तलाव भरायला १९६४ उजाडलं. मेंढ्यांच्या आधी इथं नन्नवाल लोक होते. त्यांचं नाव आमच्या जवळच्याच एका उपनगराला दिलंय. जमीन दिलेली नाही.

सिडनीवाले कॅनबेराला हसतात. शहर कसलं, राउंडअबाउट आणि सरकारी नोकर, बास. आधी मीही त्यांच्यात हसायचो. आता माझा आवाज चढतो, आणि बायको पायानं पाय दाबते. असो.

सांगायचं हे की उच्चनीच इथंही आहे. तलावाच्या दक्षिणेला डीकिन, फॉरेस्ट, रेड हिल हा आमचा प्रभात रोड समजा. जुने ओक, मोठी आवारं, तीन पिढ्यांचे टेनिस क्लब. दक्षिणेच्या कडेला टगरनाँगला तरुण कुटुंबं गेली तेव्हा त्याला 'नॅपी व्हॅली', म्हणजे लंगोटांची दरी, म्हणून चिडवायचे. आता पाळी आमची. ऑफिसात मी गंगालिनचं नाव काढलं की पलीकडच्या डेस्कावरची बाई, मी रोज आंध्रातल्या गूटीहून येत असल्यासारखी, "ओ, दॅट फार?" करते. फार काय, २०१९ पासून लाइट रेल आहे, अर्ध्या तासाच्या आत सिटी. पण एक आहे. गंगालिन म्हणजे कॅनबेरा नाही, असं ती म्हणत नाही. तिला म्हणताच येत नाही, कारण तिची आजीसुद्धा कुठून तरी आलेलीच. इथं सगळे जण कागदावर आधी काढलेल्या गावात राहायला आले, हे लपवायची सोयच नाही.

आणि पुण्यात काय वेगळं झालं? कसबा सोडला तर पेठाही मुद्दाम वसवलेल्याच, आकाशातून पडलेल्या नाहीत. पेशवे मुळात श्रीवर्धनचे. बाजीरावानं १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला, आणि मग काही जुन्या पेठांना वाराची नावं देत, वाराच्या, माणसांच्या नावानं नव्या पेठा वसवल्या गेल्या. शेट्यांना, व्यापाऱ्यांना जागा द्या, करात सूट द्या, म्हणजे लोक येतील, असा हिशोब होता. आजच्या भाषेत टाउनशिपच. छत्रपतींची गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, म्हणजे राजधानीपणसुद्धा ओढून आणलेलं. नदीपलीकडं तेव्हा भांबुर्डा नावाचं खेडं होतं. प्रभात रोडला जिचं नाव आहे ती फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून आली. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं, नदीकाठचे वाडे गेले, आणि पेठेतली माणसं गोखलेनगरला, सहकारनगरला गेली. त्यांनाही तेव्हा कोणीतरी 'गावाबाहेर गेले' म्हटलंच असणार.

पण हे सगळं बाजूला ठेवा. मला झोंबतं ते पाण्याचं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून दगडी भुयारी नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत हौद भरायचे, सदाशिव पेठेचाही. दादाच्या पणजोबा-खापरपणजोबांनी कात्रजचं पाणी पिऊन 'पुणेरी' बाणा जोपासला. मी कात्रजच्या अलीकडचा, धनकवडीचा. लहानपणी मे महिन्यात मावशीकडं राहायला गेलो की वाड्यातली पोरं विचारायची, "तुमच्याकडं रात्री कोल्हे येतात का रे?" दादा त्यांच्यात असायचा. पत्त्यांच्या डावात जागा कमी पडली की पहिला उठायचो मी, कारण मी 'तिकडचा'. मावशी आतून ओरडायची, "अरे, त्यालाही घ्या," आणि त्यांनी घेतलं की अजूनच लाज वाटायची.

दादाचं म्हणणं, कॅनबेराचं कौतुक सांगू नकोस, साडेचार लाखांचं गाव, आमच्या एका मतदारसंघात तेवढी माणसं. खरं आहे. इथं जमीन सगळी सरकारची, ९९ वर्षांच्या लीजवर मिळते, त्यामुळं माणूस यायच्या आधी ड्रेनेज येतं, बसस्टॉप येतो, रस्त्याला नाव येतं. आमच्या रस्त्यावर दिव्याचा खांब आमच्या आधीपासून उभा होता. पुण्याला २०२१ साली २३ गावं जोडली तेव्हा तिथं इमारती आधीच उभ्या होत्या आणि टँकर आधीच सुरू होते. सातबाऱ्यावर दहा-दहा नावं, त्यातून अठरा मीटरचा रस्ता काढून दाखवा, हे मला कळतं. पण रस्ता काढता येत नाही म्हणून तिथल्या माणसाला 'तू आमचा नाहीस' म्हणायचं, हे कुठल्या नियमावलीत बसतं? (टेकड्यांबद्दल मी इथं लिहीत नाही. कॅनबेरात टेकडीच्या माथ्यावर घर बांधत नाहीत एवढं सांगतो आणि थांबतो, रक्तदाब वाढतो.)

आता तुम्ही म्हणाल, एवढं लागायचं कारण काय. गणपतीत इथं शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन आम्ही जमतो. नागपूरचे, नाशिकचे, सांगलीचे. कोणी नवीन आलं आणि पुण्याचं निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला. "पुण्यात कुठं?" हा प्रश्न नाशिकच्या माणसाला कोणी इतक्या धारदारपणे विचारत नाही. मी पहिली काही वर्षं उत्तर द्यायचो, "स्वारगेटच्या जवळ." पुढं पुढं 'जवळ'चं 'पुढं' झालं, तरी धनकवडी तोंडातून बाहेर पडत नव्हती. गोऱ्यांसमोर मी बिनदिक्कत पुणेकर आहे, चार तास हापूसवर आणि मिसळीवर बोलू शकतो. मराठी माणसासमोर आलो की पुन्हा पत्त्यांच्या डावातून उठायची वेळ. परदेशात येऊन मला जे पूर्ण पुणेकरपण मिळालं, ते समोर दुसरा पुणेकर नसेपर्यंतच टिकतं. म्हणून दादा 'ते पुणे नाहीच' म्हणतो, तेव्हा तो वाघोलीबद्दल बोलतोय हे डोक्याला कळतं, पण ऐकू येतं ते धनकवडीबद्दल.

त्याला मी हे सांगितलं नाही. मी कात्रजच्या नळाचं व्याख्यान दिलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं आणि पुणेकराला शोभेल असा एकच प्रश्न विचारला. "तू तिथं बसून बोलतोयस, कर कुठं भरतोस?"

भरतो ना. पुणे महापालिकेलाच भरतो, सवलतीच्या मुदतीत, ऑनलाइन. वाघोलीच्या फ्लॅटचा. गुंतवणूक म्हणून घेतला होता. लातूरचा एक मुलगा भाड्यानं राहतो, खराडीला नोकरीला जातो, आणि टँकरचा महिन्याचा हिशोब मला पाठवतो. महापालिका तुटली तर भाव पडेल की चढेल, हे दादाला विचारायचं राहून गेलं.