सरळ गल्लीतलं वाकडं नाक

वांगी आणायला निघालो की बायको म्हणते, "सारंगखेड्याला घोडा घ्यायला चालल्यासारखा आव आणू नका. दिलेला भाव देऊन या." पण घासाघीस न करता पिशवी भरणं मला कमीपणाचं वाटतं. भाजीवालीनं सांगितलेला भाव जसाच्या तसा मान्य करणं म्हणजे पूर्वजांच्या सात पिढ्यांचा अपमान.

त्या रविवारी घरी भरीताला बारा माणसं यायची होती. धुळ्याच्या पाचकंदील बाजारात एका माऊलीसमोर पाटीत हिरवी, बाळसेदार वांगी रचलेली. मी मुद्दामच तोंड वाकडं केलं. (गिऱ्हाईकानं माल आवडला हे दाखवायचं नसतं, हा माझ्या शास्त्राचा पहिला नियम.)

"काय भाव, माय?"

"साठ."

"चाळीस."

"तुले वांगं लेनं शे का मनी परीक्षा लेनी शे?"

मी हुकमाचं पान टाकलं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तुझ्याकडे आहे का ते मानांकन, असं विचारलं. तिनं शांतपणे शेजारच्या टोपलीकडे बघितलं. "ते मनाकडे नही भाऊ. मिरची शे."

शेजारचा लिंबूवाला हसला. तो हसला नसता तर मी पंचावन्नला तयार झालो असतो. पण आता प्रश्न वांग्याचा उरला नव्हता. मी पाठ फिरवली आणि तरातरा चालू लागलो. हे पाठ फिरवणंही शास्त्रात आहे, दहा पावलांवर मागून हाक यायला हवी. "लेनं व्हई ते ले, नही ते पुढे जाय," एवढं मागून ऐकू आलं, पण ती हाक नव्हे.

इथे धुळेकरांची एक अडचण सांगायला हवी. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतल्यावर कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्यानं धुळ्याची नवी पेठ आखली. त्यानं गल्ल्या केल्या पट्टीनं ओढल्यासारख्या, म्हणून आजही आमच्या गल्ल्यांना नंबर आहेत. दुसऱ्या गावात रुसून निघालेला माणूस वळणाआड जाऊन विचार बदलू शकतो. धुळ्यात तो शेवटपर्यंत दिसत राहतो. परत यायचं तरी त्याच रस्त्यानं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मी परतलो नाही. पुढच्या पाटीवर पन्नासनं घेतली, वर हाताला चांगली जड लागणारी निवडून. संध्याकाळी भरीताच्या प्रत्येक घासाला दाताखाली बिया. पाहुण्यांनी कळण्याच्या भाकरीचं कौतुक केलं. फक्त भाकरीचं.

माझे आजोबा बैलबाजारात जायचे. तिथे जुने व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचे. लहानपणी मला ती जादू वाटे. परवा बिया थुंकताना तिचं मर्म कळलं. आकडा रुमालाखाली असला की मागे सरकलेला कुणाला दिसत नाही, आणि लिंबूवाल्यालाही हसायला काही मिळत नाही.

पुढच्या रविवारी मान खाली घालून त्याच पाटीसमोर उकिडवा बसलो. लिंबूवाल्याकडे पाठ केली, तोच माझा रुमाल.

"उना का परत?"

"आलो. माय, साठ का, ते सांग ना."

भाव कमी कर असं न म्हणता भाव का, असं विचारणारा मी बहुधा तिला पहिलाच भेटलो. तिनं दोन सारख्याच आकाराची वांगी माझ्या दोन हातांत ठेवली. एक जड, एक हलकं. "हाई हलकं शे, हाईच ले." आकार मोठा आणि वजन कमी म्हणजे आत गर जास्त, बिया कमी. जड वांगं म्हणजे बियांची पिशवी. म्हणजे मागच्या खेपेला मी बियाच तोलून आणल्या होत्या! मग पहाटेची तोडणी, रिक्षाचं भाडं, दुपारची गावाची बस, सगळं निघालं. मी वांगी गॅसवर भाजतो हे कळल्यावर तर तिनं माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. कपाशीच्या काड्या नाहीत का घरी? आता दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये पऱ्हाटी पेटवली तर सोसायटी मलाच भाजेल.

बोलता बोलता मी सांगून गेलो की त्या दिवशी मला पाच किलो हवी होती.

तिनं कपाळावर हात मारला. "मंग पहिले सांगाले काय व्हयनं तुले?" पाच किलोला ती पन्नासच लावते. बसच्या आधी पाटी रिकामी झालेली तिलाही हवी असते. आणि मी? किती हवी ते सांगितलं तर भाव वाढवेल म्हणून आकडा पोटात दाबून, किलोभर घेणाऱ्याच्या तोऱ्यात भांडत होतो.

"आज कितला देऊ?"

"दीड किलो."

"मंग साठ."

साठनं घेतली. वर तिनं कांद्याच्या पातीची जुडी न मागता पिशवीत कोंबली.

घरी बायकोनं एक वांगं हातात घेऊन पारखलं. "छान हलकी आहेत हो! कितीनं मिळाली?"

लिंबूवाला इथे नव्हता. तरी तोंडातून निघालंच, "चाळीसनं."

"अय्या! मग आईकडे पाठवायला पाच किलो घेऊन या. हे घ्या दोनशे रुपये."

वरचे पन्नास माझ्या खिशातले. मी पुन्हा त्या सरळ गल्लीत शिरलो, आणि लिंबूवाल्यानं लांबूनच माऊलीला कोपरानं ढोसलं.