नुसतं चालवलंस म्हणे!

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर आईने व्हिएन्नाचे फोटो टाकले. त्यावर मामेभावाची कॉमेंट: "आत्याला एवढ्या लांब नेलंस आणि नुसतं चालवलंस? आम्ही बारा दिवसांत सात देश केले." खाली कोणाकोणाचे अंगठे आणि हसरे चेहरे. आईने नमस्काराचा इमोजी टाकून विषय मिटवला. माझं डोकं मात्र फिरलं ते फिरलंच. तिथे उत्तर दिलं तर दिवाळीपर्यंत पुरेल, म्हणून इथे लिहितेय. (दादा, तू इथेही आहेस हे माहीत आहे. वाच.)

देश "केले"! बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, शेंगदाण्याची चटणी आणि थेपले काढून खायचे, परत बसमध्ये. बरं, करा. पण मग इतरांच्या पायांना नावं ठेवू नका.

आम्ही राहतो व्हिएन्नाच्या सोळाव्या बेझिर्कमध्ये (बेझिर्क म्हणजे शहराचा विभाग), म्हणजे ओटाक्रिंगमध्ये. शहरात असे तेवीस बेझिर्क आहेत आणि रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर नावाआधी बेझिर्कचा आकडा असतो. मी इथे आले तेव्हा फोन डोळ्यांसमोर धरून चालायचे, त्यामुळे त्या आकड्याकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. आई आयुष्यभर नाशिकला पोस्टात होती. तिला जर्मनचं अक्षर येत नाही, पण पत्ता म्हटलं की तिची नजर आपोआप वर जाते. आल्याच्या आठवड्यात तिने मला सांगितलं, "अगं, मध्याकडे चाललं की घरांचे नंबर कमी होतात. आणि बाहेर जाताना डावीकडे विषम, उजवीकडे सम." मी बघतच राहिले. मग शोधलं तर खरंच, १८६२ पासून हीच पद्धत आहे. त्याआधीचे नंबर १७७० च्या सुमाराचे, मारिया थेरेसाच्या काळातले, सैन्यभरतीसाठी घरं मोजताना टाकलेले. हे ऐकून ती जरा खट्टू झाली. तिला वाटलं होतं कुठल्यातरी पोस्टमनची सोय बघितली असेल.

आता तो दिवस सांगते, म्हणजे "नुसतं चालवलंस" म्हणजे काय ते कळेल.

मी ऑफिसात. आई एकटी निघाली, मध्यभागातल्या फोल्क्सगार्टन बागेतले गुलाब बघायला. चालत. दुपारी तिचा फोन बंद. मी मीटिंगमध्ये बसून घामाघूम. नाही नाही ते डोक्यात येतंय, ४६ नंबरच्या ट्रामचा सगळा रस्ता डोळ्यांसमोर येतोय. आणि ही बाई शांतपणे लेर्खेनफेल्डर स्ट्रासेने चढते आकडे बघत घराकडे चाललेली! त्या रस्त्याची एक गंमत आहे. एका बाजूची घरं सातव्या बेझिर्कमध्ये, समोरची आठव्यात. तिथे ती गोंधळली, कारण रस्ता ओलांडला की पाटीवरचा आकडा बदलतो. तरी नंबर चढत होते म्हणून चालत राहिली. मग आला गुर्टेल, तो गाड्यांचा मोठा रस्ता, मधोमध कमानींवरून जाणारी यू-सिक्स मेट्रो. तिथे रस्त्याचं नाव संपलं आणि पलीकडे थालियास्ट्रासेवर नंबर पुन्हा एकपासून सुरू. "तिथे मात्र पोटात गोळा आला," ती म्हणाली. मग पाटीवर १६ दिसलं आणि जिवात जीव आला. मी धावत घरी पोचले तर चहा टाकलेला होता.

दादा, हे तुझ्या सात देशांत बसतं का कुठे?

आणि चालल्यामुळेच कळतं की शहर कसं वाढलं. गुर्टेल म्हणजे १७०४ साली बांधलेल्या बाहेरच्या तटाची जागा, आणि रिंग, म्हणजे जुन्या शहराभोवतीचा रस्ता, ही आतल्या तटाची. १८५७ मध्ये फ्रान्झ योझेफने तो आतला तट पाडायचा हुकूम काढला. आमच्या घरून मध्यभागातल्या स्टेफान्सडोम चर्चकडे निघालं की तासाभरात दोन वेशी ओलांडता. आज तिथे भिंत नाही, पण घरांची उंची, दुकानं, माणसांचे कपडे सगळं बदलत जातं. बसच्या काचेतून हे दिसत नाही.

श्योनब्रुनही दाखवला बरं का तिला, उगाच आरोप नकोत. १४४१ खोल्यांचा राजवाडा. तिचा प्रश्न एकच, एवढ्यांची केरफरशी कोण करायचं? त्यापेक्षा ती रमली झांडलायटनमध्ये. १९२४ ते २८ मध्ये नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली दीड हजारांवर घरं, आपली म्हाडाच म्हणा, पण आत झाडं आणि बाकडी असलेली चौकं. तिथल्या एका आजींशी ही मराठीत बोलायची, त्या जर्मनमध्ये. गुडघा हा विषय दोघींनाही पुरला.

हो, माहितीये, सगळं गोड नाहीये. हिवाळ्यात चारला अंधार पडतो आणि फुटपाथवर बर्फ असला की मीसुद्धा चालत नाही. रविवारी दुकानं बंद. आणि व्हिएन्नाची माणसं प्रेमळ आहेत असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सायकलच्या पट्टीवर पाऊल पडलं म्हणून एक आजोबा आईवर असे ओरडले की तिला भाषा न कळताही सगळं कळलं. तिनेही त्यांना नाशिकच्या भाषेत उत्तर दिलं, ते इथे लिहीत नाही.

पण झेब्रा क्रॉसिंग. ते सांगायलाच हवं. सुरुवातीला गाडी थांबली की आई हात करायची, "जा बाबा तू आधी." ड्रायव्हर म्हणायचा, तुम्ही. ही म्हणायची, तू. मागे रांग लागायची. गाडी आपल्यासाठी थांबू शकते हे तिला पटेचना. सत्तरीला आलेल्या बाईला! जिने कॉलेज रोडवर रस्ता ओलांडायला दर वेळी कोणाचा तरी दंड धरलाय. फुटपाथवर गाड्या, पाणीपुरीचा ठेला, डीपीचा खांब, उघडं गटार, आणि त्यातून कोणी पडलं तर "बघून चालता येत नाही का आजी."

नाशिकला ती रोज चालते की. कृषीनगरच्या ट्रॅकवर. गोल. चाळीस मिनिटं गोल फिरायचं आणि रिक्षाने घरी यायचं. पाय चांगले आहेत, शहर तिला पायी कुठे जाऊच देत नाही. भाजीला नाही, मैत्रिणीकडे नाही, बँकेत नाही. इथे ती ब्रुनेनमार्क्टच्या बाजारात जाऊन तुर्की भाजीवाल्याकडून हातवारे करून भेंडी आणायची, कोवळी आहे का म्हणून शेंडा मोडून बघायची, आणि त्याने डोळे वटारले की तीच भेंडी पिशवीत टाकायची. ट्रामचा पास तिला काढून दिला होता. तो ती फक्त येताना, पिशवी जड असली तरच वापरायची. तहान लागली की रस्त्यातल्या नळावर बाटली भरायची. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून या शहरात येतं, हे तिने परत गेल्यावर सगळ्या सोसायटीला ऐकवलंय.

दादा, रागावू नकोस. तुझी टूर छान झाली असेल, फोटो सुंदर आहेत, वहिनी तर फारच छान दिसतेय. मामीचे पाय दुखतात म्हणून तुम्ही बसने गेलात, तेही मला कळतं. पण आत्याला "नुसतं चालवलं" हे परत लिहू नकोस. तिने लिहिलं नाही, पण मला फोन करून विचारलं, "चालले ते चुकलं का गं?"

पुढच्या मे महिन्यात ती परत येतेय, तिकीट काढलंय. मामीलाही पाठव. आमच्या घरापासून बाजारापर्यंत चार बाकडी आहेत, बसत बसत जातील दोघी. तू आलास तर सोफ्यावर झोपावं लागेल, आणि बूट चांगले आण.