‘सीबीडी तेल भारतात पूर्ण कायदेशीर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरोघरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: गुडघेदुखीपासून फिटपर्यंत सगळ्यावर चालणारं सीबीडी तेल (सीबीडी म्हणजे भांग-गांजाच्या झाडातलं, नशा न आणणारं एक द्रव्य) भारतात पूर्ण कायदेशीर आहे. कायद्यात त्याचं नाव नाही, संयुक्त राष्ट्रांनी गांजा यादीतून काढलाय, हेंप ऑइलला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) आणि आयुष मंत्रालयाची मान्यता आहे, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि परदेशातून कुणी आणून दिलं तरी चालतं. मी औषधांच्या दुकानात बसतो. हा मेसेज मोबाइलवर दाखवून लोक बाटली मागतात, म्हणून एकेक दावा घेतो.

‘कायद्यात सीबीडीचं नाव नाही.’ हे खरं आहे. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या परिशिष्टात टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) आहे, सीबीडी नाही. पण हा कायदा नुसती रसायनांची नावं बघत नाही, झाडाचा कुठला भाग वापरला तेही बघतो. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे, मग त्याला काहीही नाव द्या. चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ, कच्ची असो की शुद्ध केलेली. या दोन्हींचं मिश्रणही त्यात आलं. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पानं तेवढी गांजाच्या व्याख्येबाहेर राहतात. इथे परवान्यावर बनणारी तेलं ‘विजया’च्या (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) पानांचा अर्क म्हणून विकली जातात ती त्यामुळेच. तेव्हा विचारायचं ते हे, की तेल कशातून काढलं? फुलोऱ्यातून काढलेल्या तेलाला ‘टीएचसी 0.3 टक्क्यांपेक्षा कमी’ हा दाखला भारतात वाचवत नाही. ती मर्यादा अमेरिकेच्या 2018 च्या शेती कायद्यातली. उत्तराखंडने औद्योगिक हेंपचे (कमी टीएचसी असलेल्या भांगेच्या पिकाचे) परवाने देताना तोच आकडा धरला, पण तो शेतातल्या पिकासाठी, बाटलीसाठी नव्हे.

पानं तरी मोकळी आहेत का? महाराष्ट्रात नाहीत. आपल्याकडच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यात मादक द्रव्याच्या व्याख्येत भांगेची पानंही येतात, आणि विनापरवाना जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. ‘उत्तरेत भांग ठेक्यावर उघड मिळते’ हे ज्या त्या राज्याच्या परवान्याचं बोलणं झालं.

‘संयुक्त राष्ट्रांनी गांजा यादीतून काढला.’ 2 डिसेंबर 2020 ला व्हिएन्नात 27 विरुद्ध 25 मतांनी गांजा चौथ्या, सर्वात कडक यादीतून निघाला. भारतानेही बाजूने मत दिलं. पहिल्या, म्हणजे नियंत्रित पदार्थांच्या यादीत तो अजून आहे. सीबीडीला नियंत्रणाची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं, पण अत्यल्प टीएचसी असलेली सीबीडी उत्पादनं वगळण्याचा प्रस्ताव त्याच बैठकीत मोठ्या फरकाने पडला. मेसेजमध्ये ही ओळ कधीच नसते.

‘हेंप ऑइलला एफएसएसएआयची मान्यता आहे.’ सर्वात जास्त फसवणूक इथे होते. नोव्हेंबर 2021 मध्ये हेंपचं बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ अन्न म्हणून मान्य झालं. त्याच नियमात सीबीडीची कमाल मर्यादा आहे: किलोला 75 मिलिग्रॅम. आता हिशेब करा. 30 मिलिची बाटली म्हणजे साधारण 28 ग्रॅम तेल, त्यात सीबीडी जेमतेम 2 मिलिग्रॅम. त्याच आकाराच्या बाटलीवर ‘1000 मिलिग्रॅम सीबीडी’ आणि अन्नाचा परवाना क्रमांक, दोन्ही असतील तर त्यातलं एक तरी खोटं आहे. बियांचं तेल चटणीवर घ्यायला छान. दुखण्यावरचं सीबीडी म्हणून त्याला हजारो रुपये मोजू नका.

‘आयुष मंत्रालयाची मान्यता, म्हणून चिठ्ठी नको.’ मंत्रालय कुठल्याही औषधाला मान्यतेचा शिक्का देत नाही. आयुर्वेदिक औषध बनवायचा परवाना राज्याचा परवाना अधिकारी देतो. शिवाय औषध नियमांच्या ई-1 अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे (बी वगळून). अशा औषधाच्या लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा छापावाच लागतो. बाटली हातात घेतली की उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, विजयाचा कुठला भाग वापरला ते आणि हा इशारा, चारही शोधा. यातलं एक जरी नसेल तर ती परत करा. कर्करोग, मधुमेह किंवा अपस्मार बरा करण्याची जाहिरात तर 1954 च्या कायद्यानेच बंद आहे.

अपस्माराचं नाव निघालंच आहे, तर यावर थांबतो, कारण मला खरी भीती याचीच वाटते. सीबीडी फिटवर काम करतं हे खोटं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून 2018 मध्ये एपिडायोलेक्स मंजूर केलं ते ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या लहान मुलांच्या दोन अवघड आजारांसाठी. ते शुद्ध केलेलं सीबीडी आहे आणि त्याचा नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅम. वीस किलोच्या पोराला रोज 200 ते 400 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ती 1000 मिलिग्रॅमची बाटली फार तर पाच दिवस पुरेल. थेंबाथेंबाने दिलेलं तेल त्या डोसच्या जवळपासही जात नाही. दुसरं असं की सीबीडीबरोबर क्लोबाझाम हे फिटचं औषध चालू असेल तर क्लोबाझामचा अंमल वाढून मूल गुंगीत राहतं, आणि व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर यकृतावर ताण येऊ शकतो. म्हणून तिथे रक्ततपासणी करत करत औषध देतात. मेसेज वाचून चालू गोळ्या थांबवू नका. फिटची गोळी अचानक बंद केली तर न थांबणारी फिट येऊन मूल दगावू शकतं. आईबापांनो, तेल द्यायचंच असेल तर आधी मुलाच्या न्यूरॉलॉजिस्टला बाटली दाखवा.

‘परदेशातून आणलं तर चालतं.’ नाही. तिकडची बहुतेक तेलं फुलोऱ्यातून काढलेली असतात, आणि परवानगीशिवाय असा माल देशात आणणं एनडीपीएसखाली गुन्हा आहे. तिथल्या दुकानाची पावती कस्टमला पुरत नाही. उलट दिशेनेही जपा: सिंगापूरमध्ये गांजापासून काढलेलं सीबीडी नियंत्रित अमली पदार्थांत मोडतं. कोकणातून जहाजावर जाणाऱ्या मुलांना तर आणखी एक धोका आहे. ‘फुल स्पेक्ट्रम’ तेलात थोडं टीएचसी असतं, रोज घेतलं तर ते लघवीच्या चाचणीत उतरू शकतं, आणि गांजा ओढला की तेल घेतलं हे ती चाचणी सांगत नाही.