श्वास मोजायला अजूनही का शिकवावे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपला आक्षेप असा आहे की ऑक्सिमीटर, स्वयंचलित रक्तदाबयंत्र आणि खिशात मावणारी सोनोग्राफी हाताशी असताना, शिकाऊ डॉक्टरांना नाडी पाहणे, श्वास मोजणे आणि छाती ठोकून तपासणे शिकवण्यात वॉर्डातला वेळ घालवणे हा जुन्याचा हट्ट आहे.

यातला एक भाग मला मान्य आहे. छाती ठोकून हृदयाची सीमा आखण्याचा सराव आता करवून घेऊ नये. इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ते काम कितीतरी चांगले करते. श्वासाच्या गतीबाबत मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. मोठ्या रुग्णालयातले केस पेपर चाळले, तर एकामागून एक रुग्णाच्या नोंदीत श्वसनाचा दर १८ किंवा २० लिहिलेला सापडतो, कारण बहुतेक वेळा तो मोजलेला नसतो, नुसता भरलेला असतो. वास्तविक गंभीर जंतुसंसर्गात किंवा रक्तातले आम्ल वाढल्यावर रक्तदाब उतरण्याच्या पुष्कळ आधी श्वास वाढू शकतो, आणि त्या वेळी ऑक्सिमीटर खुशाल ९७ टक्के दाखवत असतो. लहान मुलांत तर याचे महत्त्व आणखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मिनिटाला २ महिन्यांखालील बाळात ६०, २ ते १२ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन, खोकणाऱ्या मुलात न्यूमोनियाची एक खूण. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना व सुईणींना खोकणाऱ्या बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि त्या आजाराने होणारे बालमृत्यू घटले. तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरकडून तेवढी अपेक्षा ठेवणे मला अवाजवी वाटत नाही.

यंत्र आले की कौशल्याची गरज संपते, हे आपले गृहीतक मला अधिक खटकले. जाड दंडाला रक्तदाबयंत्राचा लहान पट्टा गुंडाळला किंवा हात हृदयाच्या पातळीखाली लोंबता ठेवला, तर यंत्र रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्या विकारात, त्याच्या आकड्यावर फारसे विसंबता येत नाही, आणि ती विस्कळीत लय मनगटावर तीन बोटे ठेवली की जाणवते.

वेळ नसल्याचा आपला मुद्दा खरा आहे. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने लॉगबुक, म्हणजे शिकलेल्या कौशल्यांची नोंदवही, आणले, कौशल्य प्रयोगशाळा आणल्या. पण पुतळ्यावरचा सराव आणि वहीतली सही यांनी खाटेपाशी उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची जागा भरत नाही. बहुतेक राउंडमध्ये विद्यार्थी निष्कर्ष वाचून दाखवतो, आणि ते त्याने कसे काढले हे कोणीच पाहत नाही. म्हणून माझी सूचना एवढीच आहे, की प्रत्येक राउंडमध्ये एका विद्यार्थ्याने एका रुग्णाची तपासणी शिक्षकांच्या डोळ्यांदेखत करावी आणि चुकेल तिथे त्याच क्षणी त्याचा हात दुरुस्त केला जावा. खिशातली सोनोग्राफीही याच पद्धतीने शिकवावी. तिला माझा विरोध नाही.