‘हाय अव्हेलेबिलिटी’चे पैसे आणि ती सतरा मिनिटं

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचकांसाठी त्यातला मुद्दा थोडक्यात सांगतो. वसुबारसेच्या संध्याकाळी दुकानदारांच्या रवा-मैदा-तुपाच्या ऑर्डरी धडाधड येत असताना यांच्या मार्केट यार्डातल्या घाऊक पेढीचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर सतरा मिनिटं बंद पडलं. त्यामागचा डेटाबेस, म्हणजे ऑर्डरी जिथे नोंदल्या जातात तो, आम्ही सांभाळतो. ‘हाय अव्हेलेबिलिटीचे (एक मशीन गेलं तरी काम चालू ठेवण्याच्या सोयीचे) पैसे घेतले, चाचणीत सगळं चाललं, खऱ्या वेळी झोपलं, आणि यांच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार,’ असं यांनी लिहिलंय. शिवाय तिसऱ्या मशीनचं भाडं, रात्री-बेरात्री येणारे मेसेज आणि बॅकअपचं वेगळं बिल, ह्याही तक्रारी आहेत.

चिडणं रास्त आहे. दिवाळीच्या तोंडावर सतरा मिनिटं म्हणजे काय, हे यार्डात कुणाला समजावायला नको. पण ती सतरा मिनिटं गेली कुठे, हे लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) सेकंदासकट आहे आणि तुम्हाला मेलही केलं आहे. इथे जाहीर विचारलंत, म्हणून जाहीर सांगतो.

मुख्य सर्व्हर ज्या मशीनवर होता ते क्लाउडवाल्याकडे अचानक बंद पडलं. त्यानंतर चाळीस सेकंदांच्या आत स्टँडबाय (तयार ठेवलेला दुसरा सर्व्हर) मुख्य झाला होता आणि लिहून घ्यायला तयार होता. हे चाळीस सेकंद का लागतात? पॅट्रोनीमध्ये, म्हणजे मुख्य सर्व्हर गेला की दुसऱ्याला पुढे आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मुख्य सर्व्हरचा हक्क मूळ सेटिंगप्रमाणे 30 सेकंदांचा असतो. तो दर 10 सेकंदांनी नवा करावा लागतो. हक्क संपला की मगच दुसरा पुढे येतो. पाच सेकंदांवर आणा, असं तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात. आम्ही नाही म्हणालो, आजही नाहीच म्हणू. नेटवर्कला जरा उचकी लागली की दुसरा सर्व्हर स्वतःला मालक समजणार. जुना वेळेत बाजूला झाला नाही, तर एकाच नंबरचं बिल दोन गिऱ्हाइकांच्या नावावर, आणि तेही दोन वेगवेगळ्या डेटाबेसांत. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहब ह्या सॉफ्टवेअरचा कोड ठेवणाऱ्या साइटचं नेटवर्क फक्त 43 सेकंद तुटलं होतं. फेलओव्हर (दुसऱ्या सर्व्हरने मुख्य होणं) आपोआप झाला, अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर वेगवेगळ्या नोंदी पडल्या, आणि सगळं मार्गी लावायला 24 तास 11 मिनिटं लागली. त्यांच्याकडे माणसं आणि यंत्रं दोन्ही आपल्यापेक्षा भरपूर.

तिसऱ्या मशीनचं उत्तरही ह्यातच आहे. ते ‘नुसतं पडून’ नसतं, मत देतं. मालक कोण हे ईटीसीडी (प्रत्येक मशीनवर चालणारा, हक्काची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) बहुमताने ठरवतं. दोनच मशीन असली तर बहुमत दोनाचं, म्हणजे एक गेलं की निर्णयच होत नाही. त्या संध्याकाळी उरलेल्या दोघांनी मिळून निर्णय केला, त्यातलं एक मत ह्या ‘पडून असलेल्या’ मशीनचं होतं. त्यावर डेटाबेस नाही, म्हणून ते सगळ्यात छोटं घेतलंय.

आता उरलेली सोळा-सव्वासोळा मिनिटं. तुमच्या ऑर्डरच्या सॉफ्टवेअरने जुन्या सर्व्हरशी आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्या होत्या. मशीन नीट बंद झालं तर जाताना ते जोडणी बंद करून जातं, सॉफ्टवेअरला लगेच कळतं आणि ते दुसऱ्या पत्त्यावर जातं. मशीन एकदम गेलं तर निरोप द्यायला कुणी उरतच नाही. सॉफ्टवेअर विचारत राहतं, लिनक्स (मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम) तेच पाकीट (डेटाचा तुकडा) पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. मूळ सेटिंगमध्ये असे पंधरा प्रयत्न असतात आणि ते संपून ‘जोडणी तुटली’ असं जाहीर व्हायला किमान 924 सेकंद लागतात. म्हणजे साडेपंधरा मिनिटांच्या आसपास. गणित जुळतंय ना?

ह्यावर उपाय एका ओळीचा आहे. पोस्टग्रेसच्या, म्हणजे ह्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरच्या, 12 व्या आवृत्तीपासून जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘टीसीपी यूजर टाइमआउट’ (उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) देता येतो. दहा-पंधरा सेकंद दिले की काम झालं. ही ओळ आम्ही तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना दिलेल्या कागदावर आहे. ते सॉफ्टवेअर आमचं नाही, त्याच्या सर्व्हरवर आम्हाला प्रवेशही नाही. डॅशबोर्ड हिरवा होता तोही ह्याच कारणाने: डेटाबेस खरोखरच चालू होता. सॉफ्टवेअरच्या वाटेने दर मिनिटाला एक नोंद लिहून बघणारी तपासणी त्यांच्याच मशीनवरून चालवावी लागते. प्रवेश द्या, त्याच दिवशी बसवतो.

आणि ‘चाचणीत चाललं होतं’ ह्याबद्दल. चाललंच होतं, कारण तो ठरवून केलेला स्विचओव्हर (मुख्य सर्व्हर बदलणं) होता. त्यात जुना मुख्य सर्व्हर सभ्यपणे रजा घेतो आणि नेमका हा दोष कधीच दिसत नाही. मशीन अचानक बंद करून बघूया, अशी आमची विनंती होती. सीझनमध्ये नको, असं उत्तर आलं. सीझनमध्ये ते आपोआपच झालं.

एक गोष्ट मात्र रिव्ह्यूमध्ये आली नाही. त्या संध्याकाळी सेव्ह झालेली एकही ऑर्डर गेली नाही. स्टँडबायवर नोंद पोचल्याशिवाय ‘सेव्ह झालं’ म्हणायचं नाही, अशी मांडणी आहे. सेव्ह करताना क्षणभर जे थांबतं, ज्याची तुमच्या काउंटरवरची मंडळी तक्रार करतात, ते ह्याचसाठी.

रात्रीचे मेसेज. स्टँडबाय रखडला की मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी न पोचलेल्या नोंदींच्या फायली राखून ठेवतो, आणि त्याला मर्यादा घातली नाही तर डिस्क भरेपर्यंत ठेवत जातो. डिस्क भरली की धडधाकट मुख्य सर्व्हरही बंद. अशा मेसेजला रात्री अडीचलाच उठावं लागतं, पण ते आम्ही उठायचं. यादीत तुमचा नंबर तुमच्याच आग्रहावरून आहे. सांगा, लगेच काढतो.

बॅकअपचं बिल वेगळं असतं, कारण चुकून पुसलेला डेटा स्टँडबायवरही त्याच क्षणी पुसला जातो. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब ह्या गिटहबसारख्याच कंपनीकडे रेप्लिकेशन (स्टँडबायवर नोंदींची नक्कल पाठवणं) दुरुस्त करताना मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला गेला. शोधायला गेले तर रोजचा बॅकअप होतच नव्हता, आणि तो फसल्याचे मेल कुणाला पोचत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. आमच्या बिलात महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून, चालू करून बघण्याचं काम धरलेलं आहे. नुसती फाइल ठेवण्याचे एवढे पैसे आम्हीही लावले नसते.

तुळशीचं लग्न उरकलं की तुमच्या सवडीची एक रात्र कळवा. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनाही बोलवा. ती एक ओळ घालू आणि चालू मुख्य मशीन न सांगता बंद करू. ऑर्डर पुन्हा किती वेळात सुरू होते ते तुम्ही स्वतः घड्याळ लावून बघा. त्या रात्रीचे वेगळे पैसे नाहीत.