‘सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन’ म्हणणाऱ्यांसाठी

परवा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं लिहिलं, "खालच्या कोर्टात काय दम नसतो, खरा निकाल वरच लागतो." त्याला तिथंच उत्तर देणार होतो पण टाइप करता करता लांबलं, म्हणून इथं लिहितोय. मी वकील नाही हे आधीच सांगतो, पण अण्णांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या दाव्यापायी एकोणीस-वीस वर्षं कोर्टाच्या कँटीनचा चहा प्यालोय, तेवढा अधिकार धरा.

२००६ साली आमच्या भावकीतल्या आबांनी भर पारावर अण्णांना ऐकवलं, "सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन पण बांध सोडणार नाही!" विषय काय तर अडीच गुंठे. सगळ्यात ऊस लावला तरी ट्रॉलीचा तळ झाकला तर नशीब. पण भावकीत गुंठे कोण मोजतो, तिथं नाक मोजतात.

तर दावा पडला तालुक्याला, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. नावातच कनिष्ठ, त्यामुळं आपल्या डोक्यात ते कोर्ट म्हणजे एसटीचा विनंती थांबा, खरं स्टँड पुढं आहे. मीही तसंच समजायचो. निशाणी ५ वर म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर हुकूम, मग कैफियत म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर, मग कोर्ट कमिशनर, मोजणीचा नकाशा, आणि तारखा तारखा तारखा. साहेबांची बदली झाली की नवीन साहेब फाईल पहिल्यापासून वाचणार, असे चार साहेब झाले.

अण्णांचा उलटतपास मला अजून आठवतो. समोरच्या वकिलानं विचारलं बांध कुठनं कुठं, अण्णा म्हणाले "लिंबापासनं सरळ विहिरीकडं". साहेबांनी टायपिस्टला सांगितलं, टायपिस्टनं बडवलं, आणि कागदावर आलं "लिंबापर्यंत". पासनं आणि पर्यंत, एका शब्दाचा खेळ! अण्णांनी चष्मा न लावताच सही ठोकली. आमच्या वकीलसाहेबांना नक्कल हातात आल्यावर दिसलं आणि ते जे डोक्याला हात लावून बसले ते अर्धा तास बोललेच नाहीत.

कारण काय, तर हेच लोकांना माहीत नसतं. साक्षीदार डोळ्यांनी बघतो कोण? तालुक्याचे साहेब. माणूस अडखळला, घाम पुसला, वकिलाकडं बघून उत्तर दिलं, हे सगळं त्या एकाच खोलीत घडतं. त्याच्या वर जी जी कोर्टं आहेत ती कागद वाचतात. जिल्हा कोर्टात पहिलं अपील होतं तिथं निदान पुरावा पुन्हा तपासता येतो, कायदा आणि फॅक्ट दोन्ही. पण हायकोर्टातलं दुसरं अपील, सीपीसी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १००, तिथं १९७६ च्या दुरुस्तीपासून कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दार उघडतं. लिंब कुठं होता हा कायद्याचा प्रश्न नाही हो! आणि सुप्रीम कोर्ट तर त्याहून लांब, घटनेच्या कलम १३६ खाली आधी परवानगीच मागायची, आणि बहुतेकांना ती मिळत नाही. म्हणजे आबा सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन म्हणत होते ते खरं तर सुप्रीम कोर्टाच्या दारापर्यंत.

दुसरा गैरसमज म्हणजे हायकोर्ट ही सुप्रीम कोर्टाची ब्रँच आहे, साहेब वरून फोन करतील आणि काम होईल. तसं अजिबात नाही. सुप्रीम कोर्टानं सांगितलेला कायदा सगळ्या कोर्टांना बांधील, कलम १४१, ते बरोबर. पण हायकोर्टाचा कारभार हायकोर्टाचा. उलट जिल्हा आणि तालुका कोर्टांवर कलम २३५ खाली पूर्ण ताबा हायकोर्टाचा, न्यायाधीशांच्या बदल्यांसकट. आणि गंमत बघा, रिटचा, म्हणजे सरकारला थेट आदेश द्यायचा, अधिकार हायकोर्टाचा जास्त रुंद आहे. कलम ३२ खाली सुप्रीम कोर्टात जायचं तर मूलभूत हक्काला धक्का लागलेला पाहिजे, पण कलम २२६ खाली हायकोर्ट त्यापलीकडच्या कारणासाठीही सरकारला कामाला लावू शकतं. बाबासाहेबांनी ३२ ला घटनेचा आत्मा म्हटलं ते सगळ्यांना पाठ, २२६ बिचारं कुणाच्या स्टेटसला येत नाही.

फौजदारीत तर तालुक्याचं महत्त्व अजून जास्त. पोलिसांनी उचललेला माणूस २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करावा लागतो, प्रवासाचा वेळ सोडून. त्या वेळेला त्या माणसासाठी दिल्लीची ती घुमटवाली बिल्डिंग काय कामाची, त्याचं सुप्रीम कोर्ट म्हणजे समोर बसलेले जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) साहेब. त्यांना शिक्षा देता येते जास्तीत जास्त तीन वर्षांची, आणि सेशन कोर्टाला फाशीपर्यंत, तीही हायकोर्टानं कायम केल्याशिवाय देता येत नाही. पण पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी द्यायची की एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, हे पहिल्या दिवशी ठरवणार तालुकाच.

म्हणून मला २०२४ ची एक गोष्ट फार आवडली. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठानं सुप्रीम कोर्टाच्याच रजिस्ट्रीला सांगितलं की ट्रायल कोर्टाला ‘लोअर कोर्ट’ म्हणणं बंद करा, तिथल्या रेकॉर्डलासुद्धा तसं म्हणू नका. ओकसाहेबांनी वकिली ठाण्याच्या जिल्हा कोर्टात सुरू केलेली, त्यांना ती खोली माहीत असणार. पण नाव बदलून खुर्च्या वाढत नाहीत. दहा लाख लोकांमागं ५० न्यायाधीश पाहिजेत असं सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच सांगून ठेवलंय आणि आजही आपण त्याच्या निम्म्यावर पोचलेलो नाही, आणि चार कोटींच्या वर खटले तुंबलेत ते या जिल्हा-तालुक्याच्याच कोर्टांत. टीव्हीवर मात्र चर्चा दिल्लीची.

असो, आमचं सांगतो. तालुक्यात २०१४ ला आमच्या बाजूनं निकाल, आबांचं जिल्ह्याचं अपील २०१८ ला फेटाळलं, मग आबा मुंबईला. आम्ही सांगलीकडची माणसं, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी सीएसटीला उतरून तोंड धुवायचं आणि बोर्डावर नंबर बघायचा, बोर्ड कधी पोचायचंच नाही, परत रात्रीची गाडी. शिवाय हायकोर्टात कागद इंग्रजीत लागतात. आबांच्या वकिलांनी साक्षीचं भाषांतर करून घेतलं त्यात बांधाचं झालं ‘डॅम’! आमचे मुंबईचे वकील विचारतात, तुमच्यात धरणाचा वाद कुठून आला? हसावं की रडावं.

ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी, चाळीसेक वर्षांच्या मागणीनंतर. आमचं अपील तिकडं आलं. आबांच्या वकिलांनी तेच "लिंबापर्यंत" पुढं केलं, मला घामच फुटला. पण न्यायमूर्ती म्हणाले, दोन्ही कोर्टांनी नकाशा, साक्ष सगळं बघून एकच निष्कर्ष काढलाय, कायद्याचा प्रश्न यात नाही, म्हणून दाखल करून घ्यायच्या टप्प्यावरच फेटाळलं. वीस मिनिटंसुद्धा लागली नसतील. बाहेर आल्यावर आबा अण्णांना म्हणाले, "चला, चहा घेऊ." सुप्रीम कोर्टाचं नाव नाही काढलं, वकिलानं खर्च सांगितला असणार.

आता हुकूमनामा अमलात आणायचा तर दरखास्त कुठं? परत तालुक्यालाच! तीच खोली, तोच पंखा, साहेब तेवढे पाचवे. बेलिफ आणि मोजणीवाले मागच्या आठवड्यात शेतात आले, नकाशा उलगडला आणि पहिला प्रश्न विचारला, "लिंब कुठाय?"

लिंब रस्ता रुंदीकरणात गेला, त्यालाही आता पाच वर्षं झाली. अण्णा आणि आबा दोघं मिळून मोजणीवाल्याला जागा दाखवत होते, "इथं होता, नाही रे?", "जरा अलीकडं, आण्णू, जरा अलीकडं."